दोन संघ, एक खेळाडू: दोन्ही संघांकडून खेळलेल्या एनएचएल खेळाडूंची यादी कशी तयार करावी

एडमंटन ऑइलर्स आणि न्यूयॉर्क रेंजर्स या दोन्ही संघांकडून खेळलेल्या खेळाडूंची नावे सांगा, असे विचारले की आइस हॉकी पाहणारा कोणीही मार्क मेसिये आणि वेन ग्रेट्स्की ही दोन नावे लगेच सांगतो. तिसऱ्या नावाला तो अडखळतो आणि पाचव्या नावापर्यंत फारच थोडे पोहोचतात. प्रत्यक्षात ही यादी तीस नावांच्या पुढे जाते, आणि त्यातील बहुतेक नावे एकमेकांना अशी जोडलेली आहेत की एक सापडले की पुढचे आपोआप हाती लागते.

अशा प्रश्नांची कोडी सध्या फार लोकप्रिय आहेत. नऊ चौकटींच्या पटावर आडवे तीन आणि उभे तीन संघ दिलेले असतात आणि प्रत्येक चौकटीत दोन्ही संघांकडून खेळलेला एक खेळाडू लिहायचा असतो. अमेरिका-कॅनडात वाढणारी आपली मुले शाळेत ही कोडी सोडवतात आणि घरी येऊन तेच प्रश्न आईवडिलांना विचारतात. मात्र हा विषय कोड्यापुरता नाही, कारण दोन संघांमध्ये माणसे कशी आणि का गेली हे पाहिले की त्या लीगचा आर्थिक इतिहासच डोळ्यांसमोर उभा राहतो. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातील आइस हॉकीच्या व्यावसायिक लीगमध्ये आज ३२ संघ आहेत, म्हणजे दोन-दोन संघांच्या ४९६ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची यादी पाठ करणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. खेळाडू ज्या वाटांनी एका संघातून दुसऱ्या संघात जातात त्या वाटा माहीत असल्या की पुरे. पुढे दिलेली पद्धत मी ऑइलर्स आणि रेंजर्स या जोडीवर सविस्तर दाखवतो, कारण शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली दुसरी जोडी मला माहीत नाही.

पहिली पायरी: ‘खेळला’ या शब्दाचा अर्थ ठरवून घ्यावा

यादीतील बहुतेक चुका या एका शब्दावर होतात. खेळाडू एखाद्या संघाकडून खेळला असे म्हणायचे, तर त्या संघाचा जर्सी घालून तो एनएचएलच्या किमान एका अधिकृत सामन्यात प्रत्यक्ष बर्फावर उतरलेला असला पाहिजे. सरावसामने मोजू नयेत. राखीव गोलरक्षक म्हणून केवळ बाकावर बसून काढलेला सामनाही मोजू नये. ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, संघाने निवडले, करारावर सही झाली, खेळाडूचे हक्क विकत घेतले, यांपैकी काहीही पुरेसे नाही.

हा नियम किती जणांना वगळतो ते पाहावे. रेंजर्सचा महान बचावपटू ब्रायन लीच याचे हक्क जून २००३मध्ये एडमंटनला देण्यात आले होते आणि त्या बदल्यात गोलरक्षक युसी मार्कानेन न्यूयॉर्कला आला होता. परंतु लीचने एडमंटनशी करार केलाच नाही. तो पुन्हा रेंजर्सकडेच परतला, त्यामुळे कागदोपत्री ऑइलर्सशी नाते जुळूनही तो या यादीत बसत नाही. मार्कानेन मात्र बसतो. मिलान लुचिचच्या मोबदल्यात जून २०१५मध्ये लॉस एंजेलिस किंग्जने गोलरक्षक मार्टिन जोन्स बॉस्टनला दिला, पण बॉस्टनने चारच दिवसांत त्याला सॅन होजेकडे पाठवले, म्हणून बॉस्टनच्या कोणत्याही जोडीत त्याचे नाव लिहिता येत नाही. यारी कुर्री ३० मे १९९१ रोजी एडमंटनहून फिलाडेल्फियाकडे गेला आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाने त्याला लॉस एंजेलिसला दिले, त्यामुळे फिलाडेल्फियाचा जर्सी त्याच्या अंगावर कधी आलाच नाही.

दुसरी मर्यादा लीगची आहे. ऑइलर्स संघ १९७२ ते १९७९ या काळात वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये होता. ती लीग १९७९मध्ये बंद झाली, तेव्हा एडमंटन, क्वेबेक, विनिपेग आणि हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आले. त्या जुन्या लीगमधील सामने एनएचएलच्या नोंदीत धरले जात नाहीत. श्रेष्ठ गोलरक्षक जाक प्लांत १९६३ ते १९६५ या काळात रेंजर्सकडून खेळला आणि १९७४-७५च्या मोसमात ऑइलर्सकडूनही खेळला, पण ऑइलर्स तेव्हा दुसऱ्या लीगमध्ये होते. ग्लेन सेदरची गोष्ट तर याहून फसवी आहे. तो १९७०च्या दशकाच्या आरंभी रेंजर्सकडून खेळला, १९७६-७७मध्ये ऑइलर्सकडून खेळला, पुढे त्याच ऑइलर्सचा प्रशिक्षक व व्यवस्थापक होऊन त्याने स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलची विजेतेपदे, जिंकली, आणि त्यानंतर रेंजर्सचा कारभारही सांभाळला. या दोन संघांशी त्याच्याइतके जवळचे नाते असलेला दुसरा माणूस सापडणे कठीण आहे, तरीही एनएचएलपुरता नियम धरला तर खेळाडू म्हणून त्याचे नाव यादीत येत नाही. मला हे खटकते. तरीही नियम सोडू नये, कारण एकदा अपवाद केला की यादीला टोक राहत नाही.

दुसरी पायरी: दोन्ही संघांचा सामाईक काळ आणि खरी ओळख तपासावी

रेंजर्स संघ १९२६पासून आहे आणि ऑइलर्स एनएचएलमध्ये १९७९पासून. म्हणजे ज्याची कारकीर्द १९७९च्या आधी संपली तो कितीही मोठा असला तरी शोधातून बाद होतो, आणि एका फटक्यात पन्नासहून अधिक वर्षांचा रेंजर्सचा इतिहास बाजूला ठेवता येतो. ही साधी वजाबाकी सर्वांत आधी करावी.

संघाच्या नावापेक्षा त्याची वंशावळ महत्त्वाची असते. आपल्याकडे आयपीएलमध्ये संघाचे नाव बदलते, पण शहर सहसा तेच राहते. एनएचएलमध्ये अख्खा संघ एका शहरातून उठून हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात जातो. अटलांटा फ्लेम्स १९८०मध्ये कॅलगरीला गेले. कॅन्सस सिटीचा संघ १९७६मध्ये कॉलोराडोला आणि १९८२मध्ये न्यू जर्सीला गेला. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स १९९३मध्ये डॅलसला, क्वेबेक नॉर्डिक्स १९९५मध्ये कॉलोराडोला, विनिपेग जेट्स १९९६मध्ये फिनिक्सला आणि हार्टफर्ड व्हेलर्स १९९७मध्ये कॅरोलायनाला गेले. नंतर २०११मध्ये अटलांटा थ्रॅशर्स विनिपेगला आले आणि त्यांनी जेट्स हेच जुने नाव घेतले, त्यामुळे आजचे जेट्स आणि १९९६पूर्वीचे जेट्स हे नाव एक असूनही वेगळे संघ आहेत. तेमू सेलान्नेने १९९२-९३मध्ये नवखेपणीच ७६ गोल केले ते जुन्या जेट्ससाठी, आजच्या जेट्सशी त्याचा संबंध नाही. युटाची गोष्ट आणखी वेगळी आहे. अ‍ॅरिझोनाचे खेळाडू २०२४मध्ये सॉल्ट लेक सिटीला गेले, पण लीगने युटाला नवा संघ मानले. म्हणून जोडी निवडताना जुने शहर धरायचे की नाही, हे यादीच्या माथ्यावरच लिहून ठेवावे.

ऑइलर्स आणि रेंजर्स यांच्याबाबत असा कोणताच गोंधळ नाही. नवशिक्याने याच जोडीपासून आरंभ करावा, असे मी म्हणतो त्याचे हे एक कारण आहे.

तिसरी पायरी: मोठी अदलाबदल शोधावी आणि तिच्या दोन्ही बाजू वाचाव्यात

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. भारतात व्यावसायिक खेळाडू प्रामुख्याने लिलावातून संघ बदलतात, म्हणून अदलाबदलीचे महत्त्व आपल्या चटकन लक्षात येत नाही. एनएचएलमध्ये लिलाव नसतो. एक संघ आपले खेळाडू देतो आणि मोबदल्यात दुसऱ्या संघाचे खेळाडू, ड्राफ्टमधील हक्क किंवा पैसे घेतो. म्हणजे दोन संघांतील प्रत्येक अदलाबदल ही दोन्ही दिशांना वाहणारी असते. लोकांना प्रसिद्ध माणूस कुठे गेला ते आठवते, पण त्याच्या बदल्यात कोण आले ते आठवत नाही. आपल्या यादीतील निम्मी नावे त्या विसरलेल्या बाजूला असतात.

ऑइलर्सनी १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९० अशी पाच वेळा स्टॅनली चषक जिंकला. इतके गुणी खेळाडू एकत्र असले की त्यांची वेतने वाढतात, आणि त्या काळी वेतनावर मर्यादा नव्हती. एडमंटन हे लहान शहर, उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये आणि मोठ्या खेळाडूंची वेतने अमेरिकी डॉलरच्या हिशेबाने. संघाचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी एकेक खेळाडू सोडायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये परिस्थिती नेमकी उलटी होती. पैसा भरपूर, शहर मोठे, पण १९४०नंतर स्टॅनली चषक एकदाही आलेला नव्हता. रेंजर्सचे व्यवस्थापक नील स्मिथ यांना जिंकण्याची सवय असलेली माणसे हवी होती आणि ती विक्रीला होती ती एडमंटनमध्ये. एकाची गरज आणि दुसऱ्याची अडचण अशी समोरासमोर आली की दोन संघांमध्ये रस्ताच पडतो. कोणतीही जोडी घेतली तरी असा रस्ता कधी पडला होता का, हा प्रश्न आधी विचारावा.

आता प्रत्यक्ष नावे पाहू. मार्क मेसिये ४ ऑक्टोबर १९९१ रोजी रेंजर्सकडे गेला आणि बदल्यात एडमंटनला बर्नी निकल्स, स्टीव्हन राइस आणि लुई डिब्रस्क मिळाले. या तिघांपैकी निकल्स आणि राइस आधी रेंजर्सकडून खेळलेले होते, म्हणून दोघेही यादीत येतात. डिब्रस्कला मात्र रेंजर्सनी १९८९च्या ड्राफ्टमध्ये निवडले होते आणि तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नव्हता, म्हणून तो येत नाही. एकाच व्यवहारातील तीन माणसांचे असे वेगवेगळे निकाल लागतात, म्हणून पहिल्या पायरीचा नियम इथे प्रत्येक नावाला पुन्हा लावावा लागतो. त्याच मोसमात बचावपटू जेफ ब्यूकबूमही न्यूयॉर्कला आला आणि डेव्हिड शॉ एडमंटनला गेला, आणि हे दोघेही यादीत बसतात.

अ‍ॅडम ग्रेव्हज अदलाबदलीतून आला नाही, त्याने १९९१मध्ये रेंजर्सशी स्वतंत्र करार केला. त्या वेळच्या नियमांनुसार असा तरुण खेळाडू घेणाऱ्या संघाला आधीच्या संघास भरपाई द्यावी लागे, आणि लवादाच्या निर्णयानुसार ही भरपाई म्हणून ट्रॉय मॅलेट हा रेंजर्सचा खेळाडू एडमंटनला गेला. मॅलेट आज फार थोड्यांना आठवतो, पण कोड्याच्या चौकटीत त्याचे वजन ग्रेव्हजएवढेच आहे. ग्रेव्हजने पुढे १९९३-९४च्या मोसमात ५२ गोल करून रेंजर्सचा तेव्हाचा विक्रम केला.

डिसेंबर १९९२मध्ये केव्हिन लो न्यूयॉर्कला आला. ऑइलर्सचा एनएचएलमधील पहिलावहिला गोल याच लोने १९७९मध्ये केला होता. त्याच्या बदल्यात एडमंटनला मिळालेला रोमान ओक्सियुटा रेंजर्सकडून कधी खेळला नव्हता, तेव्हा इथे यादीत एकच नाव वाढते. मार्च १९९३मध्ये एसा टिक्कानेन आला आणि डग वेट गेला. वेटने पुढे एडमंटनचे नेतृत्व केले, त्यामुळे या व्यवहारात दोन्ही बाजूंना भक्कम नाव मिळते. २१ मार्च १९९४ रोजी, अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी, क्रेग मॅकटॅव्हिश आला आणि टॉड मर्चंट गेला. हेल्मेटशिवाय खेळणारा एनएचएलमधील शेवटचा खेळाडू म्हणून मॅकटॅव्हिश लोकांना आठवतो. मर्चंट रेंजर्सकडून एकच सामना खेळला होता, पण नियमाला एक सामना पुरतो.

त्याच दिवशी ग्लेन अँडरसनही रेंजर्सकडे आला, पण तो एडमंटनहून नाही, टोराँटोहून आला होता. त्याच्याकडे चौथ्या पायरीत येऊ.

जून १९९४मध्ये रेंजर्सनी व्हँकुव्हरला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून ५४ वर्षांनी स्टॅनली चषक जिंकला. त्या संघात मेसिये, ग्रेव्हज, ब्यूकबूम, लो, टिक्कानेन, मॅकटॅव्हिश आणि अँडरसन असे सात माजी ऑइलर्स होते. ही सात नावे एकदा लक्षात ठेवली आणि प्रत्येकाच्या मागे ‘याच्या बदल्यात कोण?’ असा प्रश्न जोडला की निकल्स, राइस, शॉ, मॅलेट, वेट आणि मर्चंट ही सहा नावे त्यांच्यामागून येतात. सातांच्या आठवणीतून तेरा नावे मिळाली. एखाद्या विजेत्या संघाचे छायाचित्र समोर ठेवून असा शोध घेणे हा माझा सर्वांत आवडता मार्ग आहे.

या मोठ्या लाटेच्या आधीचे आणि नंतरचे व्यवहारही याच पद्धतीने वाचावेत. १९८१मध्ये गोलरक्षक एडी मिओ न्यूयॉर्कला आला आणि लान्स नेदरी एडमंटनला गेला. १९८५मध्ये लॅरी मेल्निक आला आणि माइक रॉजर्स गेला. १९८६मध्ये फिनलंडचा बचावपटू रेयो रुओत्सालाइनेन एडमंटनकडे गेला व डॉन जॅक्सन न्यूयॉर्कला आला. मार्च २००२मध्ये टॉम पोटी आणि रेम मरी यांच्या बदल्यात माइक यॉर्क गेला, तर मार्च २००३मध्ये रादेक द्वोराकच्या बदल्यात अँसन कार्टर आला. मार्च २००४मध्ये पेत्र नेद्वेद एडमंटनला गेला तेव्हा मार्कानेनही त्याच्याबरोबर परत गेला. ही सगळी नावे दोन्ही संघांकडून खेळलेल्यांची आहेत.

चौथी पायरी: मधल्या संघातून गेलेल्यांचा माग काढावा

थेट व्यवहार संपले की खरे कष्ट सुरू होतात. पुष्कळ खेळाडू पहिल्या संघातून तिसऱ्या संघात आणि तिथून वर्षांनी दुसऱ्या संघात पोहोचतात. अशांना शोधण्यासाठी कागदाच्या एका कडेला एक संघ, दुसऱ्या कडेला दुसरा संघ आणि मध्ये ज्या संघांशी दोघांचाही जास्त व्यवहार झाला ते दोन-तीन संघ लिहावेत. एडमंटन आणि न्यूयॉर्क यांच्या मध्ये सर्वांत आधी लॉस एंजेलिस लिहावे लागेल.

९ ऑगस्ट १९८८ रोजी वेन ग्रेट्स्की, मार्टी मॅकसॉर्ली आणि माइक क्रुशेलनिस्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेले. बदल्यात एडमंटनला जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील तीन हक्क आणि दीड कोटी अमेरिकी डॉलर मिळाले. कॅनडात त्या दिवशी लोक शोक करत होते. यादीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार मुळासारखा आहे आणि त्याच्या फांद्या न्यूयॉर्कपर्यंत जातात. ग्रेट्स्की १९९६मध्ये लॉस एंजेलिसहून सेंट लुईसला गेला, त्याच वर्षी त्याने रेंजर्सशी करार केला आणि एप्रिल १९९९मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा सामना खेळला. मॅकसॉर्ली आणि कुर्री हे दोघेही मार्च १९९६मध्ये लॉस एंजेलिसहून एकाच व्यवहारात रेंजर्सकडे आले. म्हणजे ही तिन्ही नावे लॉस एंजेलिसमार्गे आली.

दुसरी फांदी याहून गमतीची आहे. कार्सन एडमंटनमध्ये रमला नाही आणि नोव्हेंबर १९८९मध्ये त्याला डेट्रॉइटला देण्यात आले. त्याच्या बदल्यात आलेल्यांमध्ये अ‍ॅडम ग्रेव्हज होता. पुढे ग्रेव्हज न्यूयॉर्कला गेला आणि भरपाई म्हणून मॅलेट एडमंटनला आला. ग्रेट्स्की गेला म्हणून कार्सन आला, कार्सन गेला म्हणून ग्रेव्हज आला, ग्रेव्हज गेला म्हणून मॅलेट आला. अशी साखळी एकदा समजली की त्यातील कोणतेही नाव पुन्हा पाठ करावे लागत नाही.

ग्लेन अँडरसनची वाट टोराँटोमार्गे गेली. टोराँटोने त्याला देऊन रेंजर्सकडून माइक गार्टनर घेतला. गार्टनर एडमंटनकडून कधी खेळला नाही, त्यामुळे इथे विसरलेल्या बाजूकडून काही मिळत नाही. तरीही टोराँटो हे नाव मधल्या रकान्यात ठेवावे.

एक सूचना इथे करावीशी वाटते. अतिशय फिरलेल्या खेळाडूंवर फार भरवसा ठेवू नये. माइक सिलिंजर हा १२ एनएचएल संघांकडून खेळला आणि एकट्याच्या नावावर ६६ जोड्या जमवून बसला, त्यामुळे पुष्कळ लोक अडले की त्याचे नाव लिहितात. पण त्या बारा संघांत एडमंटनही नाही आणि रेंजर्सही नाही. असे नाव वापरायचे तर त्याचे बाराही संघ तोंडपाठ असले पाहिजेत.

पाचवी पायरी: नियम बदलल्यानंतरचा काळ वेगळा शोधावा

२००४-०५चा संपूर्ण मोसम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे रद्द झाला आणि २००५-०६पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर ३.९ कोटी डॉलरची मर्यादा आली. ही मर्यादा पुढे वाढत गेली, पण एका श्रीमंत संघाने दुसऱ्या संघाचे अर्धे शिलेदार विकत घ्यावेत हा प्रकार थांबला. त्यामुळे २००५नंतरच्या नावांचे झुबके मिळत नाहीत, ती एकेक वेचावी लागतात.

या काळात दोन जागा पाहाव्यात. पहिली जागा म्हणजे १ जुलैच्या सुमारास करारमुक्त झालेले, मधल्या फळीतले खेळाडू. बेन्वा पुलियो २०१३-१४मध्ये रेंजर्सकडे एक मोसम खेळला आणि लगेच एडमंटनकडे गेला. जॅरेट स्टोल ऑइलर्समध्ये घडला, लॉस एंजेलिसमध्ये दोन चषक जिंकला आणि २०१५-१६मध्ये रेंजर्सकडून खेळला. दुसरी जागा म्हणजे एकास एक असे छोटे व्यवहार. नोव्हेंबर २०१८मध्ये रायन स्ट्रोम न्यूयॉर्कला आला आणि रायन स्पूनर एडमंटनला गेला. या दोघांची पहिली नावे सारखी असल्याने एक आठवला की दुसरा आठवतोच.

गोलरक्षकांकडे या काळात विशेष लक्ष द्यावे. संघात मुख्य गोलरक्षक एकच असतो, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या गोलरक्षकाला मोठी संधी हवी असेल तर संघ बदलावा लागतो. हेन्रिक लुंडक्विस्टच्या मागे बसलेला कॅम टॅलबट जून २०१५मध्ये एडमंटनला गेला तो याच कारणाने. रिकाम्या चौकटीसाठी काहीच सुचेनासे झाले, तर मी आधी दोन्ही संघांचे राखीव गोलरक्षक आठवतो.

नव्या संघांसाठी झालेल्या विस्तार ड्राफ्टचा उपयोग जुन्या जोड्यांना होत नाही, पण व्हेगस आणि सिअ‍ॅटल असलेल्या जोड्यांत मात्र तिथूनच सुरुवात करावी. २०१७मध्ये व्हेगसने आणि २०२१मध्ये सिअ‍ॅटलने प्रत्येकी ३० खेळाडू निवडले. एडमंटनहून व्हेगससाठी ग्रिफिन राइनहार्ट आणि सिअ‍ॅटलसाठी अ‍ॅडम लार्सन घेतला गेला. यांपैकी राइनहार्ट व्हेगसच्या मुख्य संघाकडून कधी खेळला नाही, लार्सन सिअ‍ॅटलकडून खेळला.

सहावी पायरी: तीच पद्धत स्वतः दुसऱ्या जोडीवर चालवावी

आता ऑइलर्स आणि लॉस एंजेलिस किंग्ज ही जोडी घ्यावी. थेट व्यवहारांतून ग्रेट्स्की, मॅकसॉर्ली, क्रुशेलनिस्की आणि उलट बाजूने कार्सन मिळतो. जेलिनाला किंग्जनी १९८८च्या ड्राफ्टमध्ये निवडले होते, पण त्यांच्याकडून खेळण्याआधीच तो एडमंटनला गेला, म्हणून तो बाद. मधल्या संघांतून आलेल्यांत कुर्री आहे, पिट्सबर्गमार्गे आलेला पॉल कॉफी आहे आणि गोलरक्षक ग्रँट फ्यूरही आहे. चार्ली हडीला १९९१मध्ये मिनेसोटाने विस्तार ड्राफ्टमध्ये घेतले आणि न खेळवताच लॉस एंजेलिसला दिले, त्यामुळे तो या जोडीत येतो, पण मिनेसोटाच्या जोडीत येत नाही.

त्यानंतरच्या काळात २००८मधील व्यवहार पाहावा. स्टोल आणि मॅट ग्रीन लॉस एंजेलिसला आले आणि लुबोमिर विश्नोव्स्की एडमंटनला गेला. डस्टिन पेनर २०११मध्ये एडमंटनहून आला. रायन स्मिथ २००९ ते २०११ किंग्जकडे खेळून पुन्हा एडमंटनला परतला. लुचिच आणि आंद्रेई सेकेरा लॉस एंजेलिसहून एडमंटनला गेले. २०२४च्या उन्हाळ्यात वॉरन फोगेल एडमंटनहून लॉस एंजेलिसला आणि व्हिक्टर आर्व्हिडसन लॉस एंजेलिसहून एडमंटनला गेला. हे दोन संघ २०२२ ते २०२५ अशी सलग चार वर्षे प्लेऑफच्या पहिल्या फेरीत एकमेकांसमोर आले आणि चारही वेळा एडमंटन जिंकले, त्यामुळे अलीकडची नावे प्रेक्षकांच्या स्मरणात ताजी असतात.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक अधिक कठीण प्रश्न सोडवता येतो: एडमंटन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या तिन्ही संघांकडून कोण खेळले? ग्रेट्स्की, कुर्री, मॅकसॉर्ली, निकल्स, स्टोल आणि टॅलबट ही सहा नावे लगेच निघतात. निकल्स १९९०मध्ये लॉस एंजेलिसहून रेंजर्सकडे आला होता आणि टॅलबट २०२३-२४मध्ये किंग्जचा गोलरक्षक होता. ही सहा नावे मी पाठ केलेली नाहीत, दोन याद्यांतली सामाईक नावे मी फक्त वेगळी काढली.

सातवी पायरी: पडताळणी आणि वही

प्रत्येक नाव पक्के करण्यापूर्वी त्या खेळाडूचा मोसमवार तक्ता उघडून दोन्ही संघांसमोर खेळलेल्या सामन्यांचा आकडा किमान एक आहे, आणि तो मोसम एनएचएलचाच आहे, एवढे पाहावे. ऑइलर्सच्या १९७९पूर्वीच्या ओळींना फसू नये. खुद्द ग्रेट्स्की १९७८-७९मध्ये आधी इंडियानापोलिस रेसर्सकडून आणि मग ऑइलर्सकडून दुसऱ्या लीगमध्ये खेळला होता, आणि मेसियेही त्याच मोसमात इंडियानापोलिसकडून खेळला होता, पण एनएचएलच्या जोड्यांत इंडियानापोलिस हे नावच नाही. नावसाधर्म्यही तपासावे. सेबॅस्टियन आहो नावाचे दोन खेळाडू एकाच काळात खेळत होते, त्यातला फिनलंडचा आघाडीपटू कॅरोलायनाकडे होता आणि स्वीडनचा बचावपटू न्यूयॉर्क आयलँडर्सकडे. दोघांना एक समजले की कॅरोलायना आणि आयलँडर्स या जोडीत एक चुकीचे उत्तर पक्के बसते. वडील-मुलगा हीही अशीच गल्लत आहे, कारण एडमंटनकडून खेळलेला लुई डिब्रस्क आणि बॉस्टनकडून खेळलेला जेक डिब्रस्क हे पिता-पुत्र आहेत.

वहीत प्रत्येक जोडीला एक पान द्यावे आणि नावासमोर तीनच गोष्टी लिहाव्यात: कोणत्या दिशेने गेला, कोणत्या वर्षी आणि कोणाच्या बदल्यात. सामने, गोल, वेतन हे सगळे लिहू लागले की वही भरते आणि साखळी दिसेनाशी होते. पानाच्या तळाशी बाद झालेल्यांची नावे कारणासह लिहावीत. ऑइलर्स-रेंजर्सच्या पानावर माझ्याकडे तळाशी लीच, सेदर, प्लांत, डिब्रस्क आणि ओक्सियुटा आहेत, आणि कोडे सोडवताना मला वरच्या यादीइतकाच या पाच नावांचा उपयोग होतो.

तिसरी जोडी म्हणून माँट्रियल कनेडियन्स आणि टोराँटो मेपल लीफ्स घ्यावेत. इथे पैशाची ओढ कमी आणि वैर जास्त असल्याने थेट व्यवहार थोडे सापडतील, मधला रकाना मात्र भरून जाईल. फ्रँक महॉव्लिच टोराँटोहून डेट्रॉइटमार्गे माँट्रियलला पोहोचला आणि त्याने टोराँटोकडून चार व माँट्रियलकडून दोन स्टॅनली चषक जिंकले. ऑइलर्सच्या पानावर बाद ठरलेला जाक प्लांत या पानावर मात्र वरच्या यादीत लिहायचा आहे, कारण माँट्रियलनंतर तो न्यूयॉर्क आणि सेंट लुईस करत टोराँटोकडून खेळला, आणि ते सगळे सामने एनएचएलमधलेच होते.